तीन दिवसांच्या कार्यशाळेत ट्रायबल फ्यूजन किती येतं?

प्रश्न असा आहे: "वय ३६, नागपुरात बँकेत नोकरी. शाळेत असताना कथक शिकले, तीन परीक्षा दिल्या, मग सुटलं. चार वर्षांपूर्वी सिझेरियन झालं. डिसेंबरमध्ये इथे ट्रायबल फ्यूजन बेली डान्सची तीन दिवसांची कार्यशाळा आहे, रोज पाच तास. फार जावंसं वाटतंय. शरीराला झेपेल का? हातात दोन महिने आहेत, त्यात काय तयारी करू? तीन दिवसांत खरंच काही येईल का? आणि घरी सासूबाईंना काय सांगू?"

ताई, जरूर जा. फक्त तीन दिवसांत नाच येईल ही अपेक्षा घरी ठेवून जा. पंधरा तासांत कुठलाच नाच येत नाही, हे कथकच्या तीन परीक्षा दिलेल्या बाईला मी वेगळं सांगायला नको. तुम्हाला तिथून मिळेल तो पुढच्या सहा-आठ महिन्यांचा रियाज, आणि तो तुम्हाला किती उचलता येईल हे कार्यशाळेच्या तीन दिवसांपेक्षा आधीच्या दोन महिन्यांवर जास्त अवलंबून आहे. म्हणून हा प्रश्न आत्ता विचारलात हे फार बरं केलंत.

मी मूळची भरतनाट्यमची. सोळा वर्षांपूर्वी या नाचाकडे वळले आणि गेली अकरा वर्षं नागपुरातच शिकवते आहे. माझी पहिली कार्यशाळा पुण्याला झाली, चार दिवसांची. शिकवणाऱ्या बाई परदेशातून आल्या होत्या आणि शिकवणं उत्तम होतं. मी वही घेऊन बसले आणि चार दिवसांत चौदा तुकडे उतरवून घेतले: कुठला हात, कुठला पाय, कितव्या मात्रेला वळायचं, सगळं. नागपूरला परतले, रोजचं काम सुरू झालं, पंधरा दिवसांनी वही उघडली. अक्षर माझंच होतं, पण अंगात त्यातलं काहीही उरलं नव्हतं. शिवाय तिसऱ्या दिवशी मागे झुकण्याचा एक प्रकार होता. शेजारची मुलगी जितकी खाली गेली तितकं जायचंच या हट्टाने मी सगळा बाक कंबरेत घेतला, आणि पुढचे तीन आठवडे मला वाकून पाण्याची बादली उचलता आली नाही. त्यानंतर मी अनेक कार्यशाळा केल्या, पण प्रत्येकीतून जास्तीत जास्त तीन गोष्टी घरी आणल्या. त्या सगळ्या आजही माझ्या अंगात आहेत.

तयारीकडे वळण्याआधी नावाचा घोळ मिटवायला हवा, कारण नागपुरात तो हमखास होतो. ट्रायबल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गडचिरोलीचा रेला येतो, गोंडांचा ढेमसा येतो. ते साहजिकच आहे, हे शहरच गोंड राजा बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेलं. पण या नाचाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. जगातल्या कुठल्याच जमातीचा हा नाच नाही. तो अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, गेल्या साठेक वर्षांत घडला. जमिला सलीमपूर यांनी १९६८ मध्ये 'बाल अनात' हे पथक काढलं आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका जत्रेत मध्यपूर्वेतले, उत्तर आफ्रिकेतले नाच स्वतःच्या कल्पनेने एकत्र गुंफून दाखवले. हालचालींना नावं देऊन त्या क्रमाने शिकवायची पद्धतही त्यांनीच बसवली. त्यांच्या शिष्या माशा आर्चर, आणि माशांच्या शिष्या कॅरोलिना नेरिचिओ. नेरिचिओंनी १९८७ मध्ये 'फॅटचान्स बेलीडान्स' सुरू केलं आणि त्यातून अमेरिकन ट्रायबल स्टाइल उभी राहिली. चोळी आपल्याकडची, घागरा कित्येक वार घेराचा, दागिने अफगाणिस्तानातल्या कुची भटक्यांचे, हातांची वळणं फ्लेमेंकोची.

या शैलीचं वैशिष्ट्य असं की बायका समूहात नाचतात, पण आधी बसवलेलं काहीच नसतं. सगळ्या जरा डावीकडे तिरक्या उभ्या राहतात, डाव्या टोकाला पुढे असेल तिच्याकडे सूत्र असतं, आणि तिच्या हाताच्या किंवा मानेच्या एका खुणेवर बाकीच्या पुढची हालचाल ओळखतात. लेझीम पथकात शिट्टी वाजली की प्रकार बदलतो ना, तसंच हे, फक्त इथे शिट्टी नसते आणि सूत्र नाचता नाचता एकीकडून दुसरीकडे जातं. नव्वदच्या दशकात नेरिचिओंच्याच पथकातल्या जिल पार्कर बाहेर पडल्या, वेगळं संगीत आणि वेगळे नाच मिसळू लागल्या, आणि तिथून ट्रायबल फ्यूजन धरलं जातं. पुढे रेचल ब्राइस यांनी योगाच्या पायावर जे संथ, सापासारखं सरकणारं अंग घडवलं, त्यामुळे २००० नंतर हा नाच जगभर गेला. तुमच्या कार्यशाळेत जे शिकवलं जाईल ते बहुधा याच वळणाचं असेल.

'ट्रायबल' हा शब्द खुद्द त्यांनाही पुढे खटकू लागला. २०२० मध्ये नेरिचिओंच्या शैलीने तो आपल्या नावातून काढला, आता ती 'एफसीबीडी' (फॅटचान्स बेलीडान्सची आद्याक्षरं) स्टाइल म्हणवते. फ्यूजनसाठी डॉना मेहिया यांनी सुचवलेलं 'ट्रान्सनॅशनल फ्यूजन' हे नाव बऱ्याच जणी वापरतात. मीही माझ्या वर्गाच्या पाटीवर फक्त 'फ्यूजन बेली डान्स' लिहिते. उत्तरात जुना शब्द ठेवला तो तुमच्या जाहिरातीवर आहे म्हणून. हे इतकं लांबवण्याचं कारण म्हणजे मला दोन वेळा कार्यक्रमांच्या आयोजकांनी आग्रह केला होता की 'ट्रायबल आहे तर कपाळावर आणि हनुवटीवर आपल्या गोंडी बायकांसारखं गोंदण काढा, लोकांना जवळचं वाटेल.' मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. गडचिरोलीतल्या माडिया आजीच्या अंगावरचं गोंदण तिच्या माणसांचं आहे, ते मी आयलायनरने काढून टाळ्या घ्यायच्या नाहीत. तुमच्या कार्यशाळेत कुणी असं सुचवलं तर कारण विचारा. आणि शिकवणाऱ्या बाईंना 'तुम्ही कुणाकडे शिकलात?' हेही अवश्य विचारा. आपल्याकडे घराणं विचारण्यात वावगं काही नाही, आणि जिची तालीम खरी आहे ती या प्रश्नाने खूषच होते.

आता शरीराचं. खरी मेहनत इथे आहे.

या नाचात एक अवयव हलतो तेव्हा बाकीचं अंग शांत राहतं. याला आयसोलेशन म्हणतात. छाती उजवीकडे सरकते पण खांदे आणि खुबे जागचे हलत नाहीत. खुबा वर जातो पण डोकं वरखाली होत नाही. बघायला सोपं वाटतं, आणि पहिल्या दिवशी आरशासमोर उभं राहिलं की लक्षात येतं की आपलं शरीर इतकी वर्षं एकाच गाठोड्यासारखं हलत होतं. हे सुटं करायला ताकद लागते, लवचीकपणाही लागतो, पण सगळ्यात जास्त लागतं ते त्या स्नायूपर्यंत लक्ष पोचणं. ते पोचायला दिवस जातात. पाच तासांच्या वर्गात ते पोचत नाही, म्हणून आधीचे दोन महिने.

उभं राहण्यापासून सुरू करा. पावलं समांतर, खुब्यांच्या रुंदीइतकी. गुडघे किंचित सैल. माकडहाड जमिनीकडे सोडलेलं, पण कुल्हे पुढे ढकललेले नाहीत. बरगड्या वर उचललेल्या, खांदे मागे आणि खाली. कथकचे वर्ग केलेल्या मुली माझ्याकडे येतात तेव्हा त्यांची लय पक्की असते, चक्कर घेताना नजर स्थिर असते, आणि या दोन गोष्टींसाठी त्यांना बाकीच्यांपेक्षा सहा महिने कमी लागतात. पण तत्कारामुळे, म्हणजे कथकच्या पायांच्या कामामुळे, त्यांचा गुडघा सरळ ताठ व्हायला बघतो. गुडघा ताठ झाला की खुब्याला हलायला जागाच राहत नाही आणि सगळा भार कंबरेवर येतो. तेव्हा पहिले पंधरा दिवस तुम्ही फक्त गुडघा सैल ठेवून उभं राहायची सवय करा. पोळ्या लाटताना, दात घासताना, मेट्रोत उभं राहून जाताना.

मग खुबा. तो दोन तऱ्हांनी वर जातो. एक, त्या बाजूचा गुडघा सरळ करून. दुसरी, गुडघे दोन्ही सारखेच वाकलेले ठेवून नुसत्या कुल्ह्याच्या आणि कुशीच्या स्नायूने. फ्यूजनमध्ये दुसरी तऱ्हा फार लागते. जमिलांची मुलगी सुहैला सलीमपूर यांनी कुल्ह्याचे स्नायू आळीपाळीने आवळण्यावर सगळं तंत्र उभं केलं, आणि तो रियाज तुम्ही बँकेत खुर्चीवर बसूनही करू शकता. उजवा आवळा, सोडा, डावा आवळा, सोडा. आधी विलंबित, मग दुगुण, मग चौगुण. सुरुवातीला एक बाजू ऐकेल आणि दुसरी अजिबात ऐकणार नाही. माझी डावी बाजू जागी व्हायला पाच आठवडे लागले होते. चौगुणीत दोन्ही बाजू सारख्या चालू लागल्या की तीच शिमी, म्हणजे ती सतत थरथरणारी हालचाल. म्हणून आधीच पाय हलवून अंग थरथरवायची घाई करू नका. संथ चाल स्वच्छ झाली की वेग मागून येतो, आणि अस्वच्छ चालीवर वेग चढवला की तो दोष कायमचा बसतो.

छातीसाठी भिंत वापरा. डोकं आणि कुल्हे भिंतीला टेकवा आणि फक्त बरगड्यांचा पिंजरा उजवीकडे न्या, मध्ये आणा, डावीकडे न्या. हे जमलं की भिंत सोडून चार कोपरे: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. कोपरे नीट लागेपर्यंत त्याचं गोल करू नका. गोल घाईने केलं की प्रत्येकीचा एक कोपरा गळतो आणि तो तिचा तिला कधीच दिसत नाही. हातांच्या नागमोडी हालचालीत खांदा कानाकडे चढतो, तेवढं एक आरशात बघत राहा, बाकी हात तुम्हाला कथकमुळे लवकर येतील.

पोटाचं तुमच्यासाठी वेगळं लिहिते. सिझेरियनला चार वर्षं झाली आहेत, त्यामुळे नाचायला हरकत नसावी, पण आज रात्री एक तपासणी करा. उताणं झोपून गुडघे वाकवा, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधल्या रेषेत बोटं दाबून बघा. दोन बोटांहून जास्त फट लागत असेल, किंवा डोकं उचलताना मधोमध उंचवटा वर येत असेल, तर पोटाचे उभे स्नायू गरोदरपणात जे एकमेकांपासून दूर जातात ते अजून जवळ आलेले नाहीत. अशा वेळी आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत पोटाची लाट आणि मागे झुकणं दोन्ही बाजूला ठेवा. लाज वाटण्यासारखं यात काही नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणींना हे पहिल्यांदा माझ्याकडेच कळलं, कारण बाळंतपणानंतर कुणी बघितलंच नव्हतं. फट नसेल तर पाठीवर झोपूनच सुरू करा. एक तळवा बेंबीच्या वर, एक खाली. वरचा भाग आत घ्या, मग खालचा, मग वरचा सोडा, मग खालचा. टाक्यांच्या आसपास बधिरपणा असू शकतो, त्यामुळे खालच्या भागाला काही दिवस हुकूम पोचत नाही. तळव्याची ऊब असली की पोचतो. श्वास रोखला जातोय का हे कळण्यासाठी करता करता सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. पाढा अडखळला तर श्वास अडकलाय. पोटाची लाट श्वासाने येत नाही, ती स्नायूंची आहे.

मागे झुकायचा प्रकार कार्यशाळेत बहुधा येईल. तो पाठीच्या वरच्या भागातून, छाती आकाशाकडे उचलून करायचा. कंबरेत चिमटा बसला की तिथेच थांबायचं. बाई पुढे जा म्हणाल्या तरी थांबायचं. आणि उभ्याने एकदम गुडघे दुमडून मागे जमिनीवर कोसळण्याचा 'टर्किश ड्रॉप' म्हणून एक प्रकार आहे, तो फरशीवर करू नका. या वर्षी तर नकोच. आपल्याकडचे बहुतेक हॉल फरशीचे असतात, खाली थेट सिमेंट, त्यात लाकडी तळाचं लवचीकपण नाही. गुडघा एकदा गेला की नाच जातो.

लयीसाठी मात्र तुम्ही भाग्यवान आहात. अरबी तालांचे बोल दोनच मुख्य: दरबुक्याच्या, म्हणजे अरबी हातढोलाच्या, मध्यावर पडतो तो 'दुम', कडेला वाजतो तो 'तक'. मकसूम आठ मात्रांत असा बसतो: दुम तक – तक दुम – तक –. पहिल्या तकच्या जागी दुम ठेवा, दुम दुम – तक दुम – तक –, की झाला बलदी. दुम तक – दुम दुम – तक – हा सैदी, दक्षिण इजिप्तचा, काठीनाचाबरोबर वाजतो तो. आणि मलफूफ म्हणजे तीन-तीन-दोन: दुम – – तक – – तक –. हे मी मुलींना कथकसारखी पढंत करून शिकवते. टाळी द्यायची, बोल म्हणायचे, मग पावलं टाकत म्हणायचे, मग केहरव्याच्या आठ मात्रा मनात ठेवून त्यावर मलफूफ म्हणून बघायचा. इंग्रजीत 'वन टू थ्री फोर' मोजून महिनाभर जे येत नव्हतं ते पढंत केल्यावर आठवड्यात आलं, असं मी अकरा वर्षं बघते आहे. कार्यशाळांत हे असं सहसा शिकवत नाहीत, म्हणून तुम्ही घरूनच करून जा.

बोटांतल्या छोट्या झांजा, झिल्स, यांची एक जोडी प्रत्येक हातात, अंगठ्याला आणि मधल्या बोटाला इलॅस्टिकने घट्ट. इलॅस्टिक सैल असेल तर आवाज फाटतो. उजवा-डावा-उजवा आणि क्षणभर विसावा, उजवा-डावा-उजवा आणि विसावा, एवढा एकच बोल तुम्हाला डिसेंबरपर्यंत चालता चालता वाजवता आला पाहिजे. तीन ठोके आणि एक विसावा असलेली शिमी याच बोलावर बसते, त्यामुळे हात तयार असले की खुब्याला आधार मिळतो.

एकूण रोज वीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. बारा मिनिटं खुबा आणि छाती, पाच मिनिटं पोट, तीन मिनिटं झांजा. पढंत स्वयंपाक करताना. यापेक्षा जास्त करू नका, नोकरी आणि चार वर्षांचं लेकरू सांभाळून जास्त टिकत नाही, आणि टिकणारं थोडंच कामाला येतं. शेवटचे चार दिवस तर निम्म्यावर आणा, ताजं अंग घेऊन जा.

पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करून दोन गोष्टी विचारा: वर्गात किती जणी, आणि तळ कसला. वीसच्या वर जणी असतील तर बाईंची नजर तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि तुमच्या टप्प्यावर चुका दाखवणारी नजर हीच पैसे देण्यासारखी गोष्ट आहे. तुकडे काय, ते कुठेही बघायला मिळतात.

आता ते तीन दिवस. डिसेंबरमधल्या नागपूरच्या सकाळी पारा दहा-बाराच्या आसपास असतो, आणि बाहेरून आलेल्या शिक्षिकांना 'नागपूर म्हणजे गरम' एवढंच माहीत असतं. त्यांचं वॉर्मअप त्या थंडीला पुरेलच असं नाही. तुम्ही पंधरा मिनिटं आधी पोचा आणि स्वेटर न काढता अंग गरम करा. कपडे साधे, गुडघे दिसतील असे, कंबरेला ओढणी बांधा. घुंगरू-नाण्यांची पट्टी नको, त्या आवाजात आपली हालचाल अस्वच्छ आहे हे आपल्यालाच कळत नाही. पाय अनवाणी, आणि विश्रांतीसाठी मोजे. खाणं दोन तास आधी आणि हलकं. बर्डीवरचे तर्री पोहे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खा, सकाळी नको, कारण तेल-तिखटाने भरलेल्या पोटाने पोटाची लाट होत नाही. मध्ये केळं, उकडलेलं रताळं, ताक. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी राहून जातं, ते घड्याळ बघून प्या.

पहिला दिवस उत्साहात जातो. अंग दुखायला साधारण चोवीस तासांनी लागतं आणि दोन-तीन दिवस टिकतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरतानाच कळेल. ते स्नायूंचं दुखणं असेल, पसरलेलं, ठणकणारं, तर जा आणि हळू सुरू करा. सांध्यात टोचत असेल, एका बिंदूत, तर त्या दिवशी बसून बघा. बसून बघितलेला दिवस फुकट जात नाही. मी माझ्या पुण्याच्या कार्यशाळेचा शेवटचा दिवस भिंतीला टेकून बसून काढला आणि बाईंचं वजन कुठल्या पायावर असतं हे मला त्या दिवशीच पहिल्यांदा दिसलं. ते आधीचे तीन दिवस मी त्यांचे हात बघत होते.

तिसऱ्या दिवशी बसवलेला नाच येतो, मोबाइलवर चित्रीकरण होतं, सगळ्या जणी क्रम पाठ करण्याच्या मागे लागतात. तुम्ही लागू नका. क्रम चुकला तर चुकू द्या, पण बाईंनी तुमच्या ज्या हालचालीला हात लावून दुरुस्त केलं तीच त्या नाचात शोधत राहा. रात्री घरी गेल्यावर वहीत रोज तीनच ओळी: आज काय दुरुस्त झालं, ते कुठल्या स्नायूत जाणवलं, उद्या काय विचारायचं. तिन्ही दिवस संपल्यावर त्या नऊ ओळींतून तीन गोष्टी निवडा आणि पुढचे सहा महिने तेवढ्याच. बाईंच्या परवानगीने शेवटच्या संध्याकाळी त्या तीन हालचालींचं स्वतःचं चित्रीकरण करून ठेवा, दर महिन्याला तसंच पुन्हा करा.

आणि कुणी जानेवारीत लग्नातल्या संगीताला नाचशील का विचारलं तर नाही म्हणा. कार्यशाळेचा तुकडा लग्नाच्या स्टेजवर नेला की लोक फक्त पोट बघतात, कारण तोवर तुमच्याकडे दाखवायला दुसरं काही नसतं. वर्षभराने वेगळी गोष्ट असेल.

राहिल्या सासूबाई. 'पोटाचा नाच' हे नाव ऐकूनच घरी कपाळाला आठ्या पडतात. हे नाव त्या नाचणाऱ्यांनी दिलेलं नाही, बाहेरच्यांनी दिलं. फ्रेंच लोक तसं म्हणायचे, त्याचं इंग्रजी झालं. अरबीत तो रक्स शर्की, पूर्वेकडचा नाच, आणि घरच्या अंगणातला तो बलदी, आपण गावराण म्हणतो तसा. बाईला बघणाऱ्याच्या करमणुकीची वस्तू समजणं त्या बायकांनाही सोसावं लागलं. 'फॅटचान्स' या नावातच, खासगीत नाचून दाखवशील का असं विचारणाऱ्याला 'ते विसरा' म्हणून उत्तर आहे. लावणी नाचणाऱ्या बायकांनी आपल्या मातीत हेच सोसलं, हे सासूबाईंच्या पिढीला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यामुळे लपवू नका, व्यायाम आहे म्हणून खोटंही सांगू नका. नंतर कळलं की नाचापेक्षा खोट्याचा राग जास्त येतो.

माझी आई नागपूरच्या महाल भागातली, भजनी मंडळात पंचवीस वर्षं टाळ वाजवलेली. मी शिकायला लागले तेव्हा ती वर्षभर या विषयावर बोललीच नाही. एक दिवस मी स्वयंपाकघरात झांजांचा तोच उजवा-डावा-उजवा घोटत होते. ती भाजी निवडत होती. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "डावा मागं राहून राहिला तुझा. आण इकडे." तिने झांजा बोटांत चढवल्या, दोन आवर्तनं चुकली आणि तिसऱ्याला सरळ लयीत आली. तुमच्या सासूबाईंना टाळ-भजनाची आवड असेल तर कार्यशाळेबद्दल काही सांगण्याआधी घरी झांजांचा रियाज सुरू करा, दिवाणखान्यात, त्यांना ऐकू जाईल असा.